वाजवता येत नाही म्हणून नव्हे, तरीही उपासनेत वाद्यं नकोत

शांतसूर

परवा ख्रिस्ती उपासनेतल्या संगीतावर एकाने लिहिलं होतं: "वाद्यांविना उपासना म्हणजे अळणी कारभार. ज्यांना वाजवता येत नाही त्यांनीच आपल्या उणिवेचं तत्त्वज्ञान केलंय." हे वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो.

मी बावीस वर्षं व्हायोलिन वाजवतोय, शिकवतोही. रोजचा रियाज चुकत नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, एकही वाद्य नाही आणि मला तेच बरोबर वाटतं. सोळाव्या शतकातला स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली, त्याला किती तरी वाद्यं वाजवता येत होती. तरी त्याच्याच शिकवणीमुळे झुरिकमधले ऑर्गन गप्प झाले आणि 1527 मध्ये तिथल्या ग्रोसम्युन्स्टर चर्चमधला ऑर्गन मोडून काढला गेला. तेव्हा उणिवेचं बोलू नका.

नव्या करारात मंडळीच्या गाण्याबद्दल काय आहे ते बघा. शेवटच्या भोजनानंतर शिष्य गीत गाऊन बाहेर पडले (मत्तय 26:30). पौल आणि सीला तुरुंगात मध्यरात्री गात होते. इफिस 5:19, कलस्सै 3:16 ही गाण्याबद्दलची वचनं तर सर्वांना पाठ असतात. यात वाद्य कुठेच नाही. इब्री 13:15 स्तुतीच्या यज्ञाला 'ओठांचे फळ' म्हणतं. जुन्या करारातल्या मंदिरातली वाद्यं लेव्यांची, म्हणजे मंदिराच्या सेवेला नेमलेल्या वंशाची होती आणि ती यज्ञाला बांधलेली होती. 2 इतिहास 29 काढा: होमार्पणाला सुरुवात झाली तसे कर्णे वाजू लागले, ते होमार्पण संपेपर्यंत. होमार्पण ख्रिस्तात पूर्ण झालं असं आपण मानतो ना? मग झांजा तेवढ्या मागे का ठेवायच्या?

हे माझं एकट्याचं खूळ नव्हे. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट, क्रिसोस्तोम या सुरुवातीच्या शतकांतल्या चर्चच्या शिक्षकांचं म्हणणं हेच. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्विनासही लिहितो की चर्च देवाच्या स्तुतीत तंतुवाद्यं घेत नाही. वाद्याविना गायनाला जगभर 'अ कपेला' म्हणतात, म्हणजे 'चॅपलच्या रीतीने'. मूळ रीत कोणती हे त्या शब्दातच आहे.

ताल_धरणारा

मग स्तोत्र 150 चं काय करायचं? डफ, वीणा, झांजा, आणि त्याही 'मोठ्या आवाजाच्या' झांजा! प्रकटीकरण 5:8 मध्ये कोकऱ्यापुढे, म्हणजे ख्रिस्तापुढे, स्वर्गातल्या वडीलजनांच्या हाती वीणा आहेत. जुन्या करारात वाद्यं, स्वर्गात वाद्यं, आणि मधल्या काळात देवाला त्यांचा वीट आला, असं म्हणायचंय का तुम्हाला?

मी सतरा वर्षांचा असताना मला एकच गोष्ट धड यायची, ड्रम वाजवणं. अभ्यासात कच्चा, बोलताना अडखळायचो. मंडळीत वाजवू का म्हणून विचारायला गेलो, तर मंडळीच्या वडिलांपैकी, म्हणजे पुढाऱ्यांपैकी, एकाने सगळ्यांदेखत सांगितलं की हे नाचगाण्याच्या अड्ड्यावरचं वाद्य आहे आणि ते वाजवणारे हातही तसलेच. मी त्या दारातून बाहेर पडलो तो नऊ वर्षं कुठल्याच मंडळीत गेलो नाही. तुमच्या त्या शुद्ध रीतीची किंमत मी मोजलीय. ती हिशेबात कुठे धरता?

वचनवाचक

शांतसूर, इफिस 5:19 तुम्हीच पुढे केलंत, तर ते पूर्ण वाचा. आपल्या प्रचलित भाषांतरात 'अंतःकरणात प्रभूला गायनवादन करा' असं आहे. गायन-वादन. मूळ ग्रीक क्रियापद 'प्साल्लो', आणि त्याचा जुना अर्थ तार छेडणं. भाषांतरकारांनी 'वादन' उगाच घातलेलं नाही.

शांतसूर

'जुना अर्थ' हे तुम्हीच म्हणालात. शब्द पुढे सरकतात. आणि तार छेडायचीच असेल तर कोणती, तेही त्याच ओळीत आहे: अंतःकरणाची. माझ्या दृष्टीने निकाल लावणारी गोष्ट वेगळीच आहे. ग्रीक ज्यांची मायबोली होती त्या मंडळ्यांनीच हे वाचून वाद्यं घेतली नाहीत. त्यांच्या वारसदार ऑर्थोडॉक्स मंडळ्या बहुतेक ठिकाणी आजही केवळ कंठाने गातात. 'प्साल्लो'चा अर्थ त्यांना कळला नाही आणि आपल्याला कोशातून कळला, हे मला पटत नाही.

वचनवाचक

ग्रीक मंडळ्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही, एवढं कबूल करतो. याहून जास्त काही कबूल करत नाही. कारण तुमचा खरा पाया 'प्साल्लो' नाहीच. 'जे सांगितलं नाही ते मना' हा तुमचा पाया आहे. तसं असेल तर बाकं कुठे सांगितलीत? छापील गीतपुस्तक? माइक? माइक चालतो आणि ऑर्गन चालत नाही, याला वचनाचा आधार दाखवा.

शांतसूर

बाक आणि पुस्तक उपासनेत भर घालत नाहीत, सांगितलेलं काम करायला मदत करतात. वाद्य स्वतःच एक वेगळा आवाज आहे. माइकबद्दल... माइकचा विचार मी केला नव्हता. आमच्याकडे गाण्याला तो नसतो.

बाकावरची

माइकचं नाव निघालं म्हणून लिहिते, नाहीतर मी फक्त वाचणारी.

ऑर्गन असो नसो, मला त्याचं काही नाही. मी एकसष्ट वर्षांची आहे. लहानपणापासून खालच्या सुरात गायचे. माझ्या डावीकडे आई वरचा सूर धरायची, मागच्या बाकावर दोन जण खर्जात असायचे आणि आपला सूर त्यांच्यामध्ये कुठे बसतो ते अंगाला कळायचं. आता पुढे सहा जण, सहा माइक. मी तोंड उघडते, पण माझाच आवाज मला ऐकू येत नाही. शेजारची गातेय की नुसते ओठ हलवतेय, तेही कळत नाही.

आणि पट्टी! गीत सुरू होतं तेच माझ्या डोक्यावरून. दुसऱ्या कडव्याला श्वास संपतो. मग मी पडद्यावरचे शब्द वाचत उभी राहते. आमच्या रांगेत सगळ्या तशाच उभ्या असतात. इफिसमध्ये 'एकमेकांना म्हणून दाखवा' असं लिहिलंय. एकमेकांना! पुढच्या सहा जणांनी आम्हाला म्हणून दाखवा असं नाही.

मंचावरून

ताई, मी त्या सहांपैकीच एक समजा, की-बोर्डवरचा. शनिवारी तीन तास सराव, रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन तारा जोडायच्या, सगळे गेल्यावर गुंडाळायच्या. पैसे कोणी देत नाही आणि मागतही नाही. लोक गात नाहीत म्हणून आम्हाला आवाज वाढवावा लागतो. आम्ही थांबलो तर शांतताच पसरेल. ऐकायला त्रास होत असेल तर जागा बदलून पाहा.

बाकावरची

मला नीट ऐकू येतं. मी लिहिलंय की मला मी ऐकू येत नाही. दोन्हींत फरक आहे आणि तो तुम्हाला कळू नये याचंच मला वाईट वाटतं. चाळीस वर्षं ज्या बाकावर बसले तो बदलायला सांगताय.

आणि 'लोक गात नाहीत म्हणून आवाज वाढवतो' हे उलटं आहे. तुम्ही वाढवलात, मग आम्ही थांबलो. कोणत्या वर्षापासून ते सांगू शकते.

खर्जातला

ताईंच्या बाजूने. पट्टीचं गुपित सांगतो, कारण मी वीस वर्षं गायकवृंद सांभाळला. ही मंडळी गीत रेकॉर्डिंगवरून उचलतात. तिथे गाणारा तरुण, कमावलेला, तार सप्तकात सहज फिरणारा. तीच पट्टी रविवारी जशीच्या तशी. बाकांवर आजोबा आहेत, आवाज फुटलेली पोरं आहेत, सकाळी उठून घसा न उघडलेली माणसं आहेत. आणि यांच्या की-बोर्डवर पट्टी उतरवायला बटण असतं! एक बटण. ते दाबत नाहीत, कारण वर गाताना गाणारा उठून दिसतो.

मंचावरून

उठून दिसायला आम्ही तिथे जातो, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? माझं मन तुम्ही पाहिलंत? माझ्यावर सरळ आरोप केलाय, तो मागे घ्या.

खर्जातला

मनाबद्दलचं वाक्य मागे घेतो. बटणाबद्दलचं घेत नाही.

इतिहासवेडी

पट्टीवर सगळे चिडलेत, पण शांतसूरांच्या इतिहासात अर्धी बाजू राहिलीय. क्लेमेंट आणि क्रिसोस्तोम वाद्यांवर तुटून पडले, कारण तेव्हा ती मेजवान्या, नाटकशाळा आणि मूर्तिपूजेच्या सोहळ्यांत वाजत. त्यांचा राग त्या जगण्यावर होता. ऑर्गनचंच बघा. अलेक्झांड्रियातल्या क्टेसिबियसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तो पाण्याच्या दाबावर चालवला. रोमन काळात तो आखाड्यांतल्या झुंजींना वाजायचा. 757 मध्ये बायझंटाइन सम्राटाने फ्रँकांच्या राजाला, पेपिनला, ऑर्गन भेट पाठवला. ही राजाराजांतली भेट होती, तिचा उपासनेशी संबंध नव्हता. चर्चमध्ये तो नंतर स्थिरावला. आज तोच ऑर्गन सर्वांत पवित्र आणि ताल_धरणारा यांचा ड्रम 'अड्ड्यावरचा'. 1903 मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ड्रम यांना मनाई केली, 1963 मध्ये कॅथलिक चर्चच्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑर्गनला मान देऊन इतर वाद्यांनाही दार उघडलं. साठ वर्षांत एवढा फरक पडतो तर ही आज्ञा आहे की सवय?

आणि प्राचीन मंडळ्या म्हणजे फक्त ग्रीक नव्हेत. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स उपासनेत ढोल आणि सिस्ट्रम (हाताने खुळखुळवायचं वाद्य) वाजतात. इजिप्तमधल्या कॉप्टिक उपासनेत झांजा आणि त्रिकोण (धातूचं तिकोनी वाद्य) असतो. त्यांना काय म्हणाल?

शांतसूर

इथिओपिया मी टाळला, हे खरं. ती मंडळी जुनी आहे आणि तिचा ढोल मला माझ्या मांडणीत बसवता येत नाही. पण तिथेही तो गाण्याखाली राहतो. गाणं झाकून टाकत नाही.

हातावरचा_ऑर्गन

मी एकच गोष्ट सांगायला आले. माझी धाकटी बहीण जन्मापासून बहिरी आहे. लहानपणी उपासनेत ती कंटाळून बाकाखाली शिरायची. एकदा ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी तिला जवळ घेतलं आणि तिचा तळवा ऑर्गनच्या लाकडावर ठेवला. खालचे सूर आले तसे तिचे डोळे मोठे झाले. त्यानंतर ती दर रविवारी तिथेच उभी असायची, हात लाकडावर. गीत संपलं की आमच्याकडे बघून मान हलवायची. तिच्यासाठी 'ओठांचे फळ' कोणतं, ते शांतसूरांनी सांगावं. माझ्या बहिणीपर्यंत स्तुती कंठातून पोचत नाही.

शांतसूर

यावर मी वाद घालणार नाही. तिचा हात तिथून काढा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण ताईंनी जे लिहिलं त्याचा माझा एक अनुभव आहे. एकदा मी पाहुणा म्हणून मोठ्या मंडळीत होतो. दोनशे माणसं असतील. गीताच्या मध्यावर वीज गेली. की-बोर्ड बंद, माइक बंद, पडदा काळा. पुढची ओळ सगळ्यांना ठाऊक होती, ते वर्षानुवर्षांचं गीत होतं. एकानेही ती उचलली नाही. दोनशे माणसं उभी, गप्प. मीही गप्पच होतो, पाहुण्याने कसं सुरू करावं म्हणून. शेवटी पाळकांनी प्रार्थना सुरू केली. वाद्याचं मला भय वाटतं ते यासाठी. ते मदतीला येतं आणि हळूहळू आपल्या जागी गाऊ लागतं.

ताल_धरणारा

हा दोष वाद्याचा नाही, गाणं न शिकवण्याचा आहे. वाद्याविना मंडळीतही एकच माणूस गातो आणि बाकीचे पुटपुटतात, असं मी पाहिलंय.

मंचावरून

वीज आमच्याकडेही गेलीय. आमचंही असंच झालं. मी त्या दिवशी जनरेटर हवा म्हणून भांडलो होतो. लोक का गायले नाहीत, हे मनात आलं नव्हतं.

पट्टी या रविवारी दोन स्वर उतरवतो. माइक दोन ठेवू, चार बंद. हे खर्जातला यांच्या बोलण्यामुळे नव्हे, ताईंमुळे. की-बोर्ड मात्र बंद करणार नाही.

बाकावरची

की-बोर्ड राहू दे. शेवटचं कडवं तेवढं हात थांबवून घ्या. आम्ही उचलतो का ते बघा.

शांतसूर

ताल_धरणारा, एक राहिलं. त्या वडिलांनी केलं ते चूक होतं. ड्रम नको म्हणणं वेगळं आणि सतरा वर्षांच्या मुलाचे हात वाईट ठरवणं वेगळं. माझं मत आहे तिथेच आहे, पण ते तसं वापरलं जात असेल तर मला त्याची लाज वाटते.

ताल_धरणारा

हे वाचून बरं वाटलं. राग गेलाय असं म्हणत नाही.

पण 'यज्ञाला बांधलेली वाद्यं' हे मी सोडणार नाही. निर्गम 15:20. समुद्र पार झाला आणि मिर्यामने डफ हाती घेतला. तिथे मंदिर नाही, वेदी नाही, होमार्पण नाही. लेवी अजून सेवेला नेमलेलेसुद्धा नाहीत. तो डफ कशाला बांधलेला होता?

शांतसूर

ती सुटकेची मिरवणूक होती, मंडळीची नेमलेली उपासना नव्हती.

ताल_धरणारा

त्या परमेश्वरालाच गात होत्या. पुढची ओळ वाचा.