'बॉडी डबल' (१९८४): भडक म्हणा, सवंग म्हणा, पण टाकाऊ म्हणू नका

तिसरी_घंटा

ब्रायन डी पामाच्या 'बॉडी डबल'चा विषय निघाला की लोक एक तर नाक मुरडतात, नाही तर "तो ड्रिलवाला ना?" म्हणून सोडून देतात. मला हा सिनेमा मनापासून आवडतो. सवंगपणा वजा करून उरलेलं तेवढं छान, अशी सावध भूमिका मी घेणार नाही. तो वजा केला तर हातात काहीच उरत नाही, असं माझं म्हणणं आहे. (पुढे रहस्य फोडलंय. बघायचा असेल त्यांनी इथेच थांबा.)

गोष्ट थोडक्यात. जेक स्कली हा लॉस एंजेलिसमधला पडेल नट. स्वस्तातल्या भयपटात रक्तपिपासूचं काम मिळतं, पण शवपेटीत झोपायची वेळ आली की बंद जागेच्या भीतीने त्याचं अंग लाकूड होतं. घरी येतो तर मैत्रीण दुसऱ्याबरोबर. अशात सॅम नावाचा नवा ओळखीचा त्याला एक आलिशान घर राखायला देतो आणि जाता जाता दुर्बीण दाखवतो. समोरच्या बंगल्यात रोज रात्री ठरल्या वेळी एक बाई नाचते. जेक बघत राहतो, दिवसा त्या बंगल्यातल्या ग्लोरियाच्या मागावर जातो आणि शेवटी तिचा खून होताना बघतो. मग कधीतरी टीव्हीवर एका निळ्या फिल्मच्या जाहिरातीत हॉली बॉडी नावाची नटी दिसते. तेच अंगविक्षेप, तीच लय. तेव्हा त्याची ट्यूब पेटते. खिडकीत ग्लोरिया नव्हतीच, पैसे देऊन आणलेली तिची 'बॉडी डबल', म्हणजे शरीरापुरती बदली, हॉली होती. ग्लोरियाच्या नवऱ्याला साक्षीदार हवा होता, आणि रोज त्या वेळी दुर्बिणीशी हमखास असेल असा माणूस त्याने नाचाचं आमिष दाखवून तयार केला.

जेक राखतो ते घर खरोखरचं आहे. वास्तुकार जॉन लॉटनरने बांधलेलं, १९६० सालचं 'केमोस्फिअर'. हॉलीवूडच्या टेकडीवर एकाच काँक्रीटच्या खांबावर उभं अष्टकोनी घर, सगळीकडून काच. आत राहणाऱ्याने बघत बसावं यासाठीच जणू ते उभारलंय.

आणि तो बेव्हर्ली हिल्सच्या मॉलमधला पाठलाग! कितीतरी वेळ जवळपास एकही संवाद नाही. सरकते जिने, काचेच्या भिंती, मजल्यांवरून खाली डोकावणारा जेक, आणि पिनो डोनाजिओचं संगीत. ग्लोरिया अंतर्वस्त्रांच्या दुकानात शिरते, तो बाहेरून बघतो. ती जुनं कचऱ्याच्या डब्यात टाकते आणि तो ते उचलून खिशात घालतो. आपल्याला किळस येते, आणि तरी आपण त्याच्याबरोबर पुढच्या जिन्यावर चढलेलो असतो. हे जमवायला फार मोठा दिग्दर्शक लागतो.

पागोळी

दिग्दर्शक मोठा आहे याबद्दल वादच नाही. माझा वाद पुढे सुरू होतो.

ग्लोरियाकडे बघा ना जरा. चित्रपटभर सगळे जिच्याकडे बघताहेत ती बाई कोण आहे? श्रीमंत आहे, नवरा वाईट आहे, सुंदर आहे. संपलं. आपला पाठलाग करणाऱ्या परक्या माणसाला समुद्रकिनाऱ्यावर भेटते आणि काही मिनिटांत त्याच्या मिठीत. कॅमेरा दोघांभोवती गरगर फिरतो, संगीत उसळतं, आणि ती त्याला का बिलगली हे विचारायचं कुणाला सुचत नाही. डेबोरा शेल्टनने ती भूमिका केली, पण तिचा आवाजसुद्धा ठेवलेला नाही. हेलन शेव्हरकडून डब करून घेतलाय. म्हणजे चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा, खिडकीतलं शरीर तिसरीचं. आणि मग तिला मारायचं कशाने, तर भल्यामोठ्या ड्रिलने. कोन असा लावायचा की त्या ड्रिलचा अर्थ शाळकरी पोरालाही कळावा.

१९८० मध्ये याच माणसाच्या 'ड्रेस्ड टू किल'विरुद्ध अमेरिकेतल्या बायकांनी निदर्शनं केली होती. त्यानंतर चारच वर्षांनी हा ड्रिल आला. मला यात मस्ती दिसते, कला नाही.

उभा_छेद

मी तिसऱ्याच बाजूने विरोध करतो. सिनेमा घाण आहे की नाही सोडा, तो डी पामाचा तरी आहे का? दुर्बीण लावून समोरच्या घरातला खून बघणं, हा हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४). पुरुषाच्या भीतीचा फायदा घेऊन एका बाईच्या जागी दुसरी उभी करणं, हा 'व्हर्टिगो' (१९५८). दोन्ही एकत्र ढवळले, वरून कपडे उतरवले. उचलेगिरी आहे ही, आणि लोक तिला मानवंदना म्हणतात.

तिसरी_घंटा

@उभा_छेद, उचललंय हे उघड आहे, त्याने ते लपवलेलंही नाही. पण उचलून काय केलं ते बघा. 'रिअर विंडो'त जेम्स स्टुअर्ट खिडकीतून बघतो, कारण पाय मोडलाय, दुसरं करणार काय. शिवाय शेवटी त्याचं बघणं कामाला येतं, खुनी सापडतो. जेकला असं निमित्त दिलेलंच नाही. तो बघतो कारण त्याला बघायचंय. आणि त्याचं बघणं कामाला येतं ते खुन्याच्या! चित्रपटगृहात हिचकॉकने प्रेक्षकाला जी सवलत दिली होती, ती डी पामाने काढून घेतली.

@पागोळी, खुनानंतरचा प्रसंग आठवा. पोलिस अधिकाऱ्याला जेकच्या खिशात ते अंतर्वस्त्र सापडतं. तो जेकला तोंडावर सुनावतो की वेळेवर पोलिसांना फोन न करता तू बघत बसलास, तिच्या मरणाला तूच जबाबदार. नायकाला त्याच्याच सिनेमात इतकं लागेल असं बोललेलं मी फार कमी वेळा ऐकलंय. आणि ते बोलणं आपल्यालाही लागतं, कारण आपणही बघतच होतो.

ड्रिलचं म्हणाल, तर त्या प्रसंगात प्रत्यक्ष जखम फारशी दिसतच नाही. वर ड्रिल घुमतोय, खाली जेक पांढऱ्या कुत्र्याशी झटतोय, आणि छत फोडून ते टोक रक्तासकट खाली येतं. बाकी सगळं आपण मनात जोडतो.

रात्रपाळी

आमच्या पिढीने हा कॅसेटवर पाहिला. व्हीसीआर भाड्याने आणायचा, घरचे झोपले की लावायचा, आवाज अगदी बारीक. प्रतीची प्रत असायची, लाल रंग पडद्यावर ओघळायचा. तेव्हा आम्ही तो कशासाठी आणला हे सांगायला नको. पण पुढे स्वच्छ प्रत पाहिली तेव्हा स्टीफन बरमचं छायाचित्रण दिसलं, आणि 'रिलॅक्स' गाण्याचा तो तुकडाही. फ्रँकी गोज टू हॉलीवूड ही त्या वर्षी गाजणारी ब्रिटिश मंडळी, आणि डी पामाने कथा थांबवून त्यांचं गाणं थेट निळ्या फिल्मच्या सेटवर उभं केलंय. एमटीव्ही नुकतं रुजत होतं. १९८४ काय चीज होती ते त्या काही मिनिटांत आहे. मी तिसरी_घंटाच्या बाजूने.

ओसरी

आपल्याकडचा धागा कुणी जोडला नाही म्हणून लिहितो. आशुतोष गोवारीकरांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा 'पहला नशा' (१९९३) याच 'बॉडी डबल'वरून घेतलेला. दीपक तिजोरी, पूजा भट्ट, रवीना टंडन, परेश रावल. शाहरुख, आमिर आणि सैफ एकत्र पाहुणे म्हणून दिसतात ते यात. सिनेमा चालला नाही. 'लगान' (२००१) करणाऱ्या माणसाची सुरुवात इथून झाली हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मला तो पाहताना हेच जाणवलं की हिंदीच्या चौकटीत बसवायला गोष्ट सभ्य करावी लागली आणि मग नुसतं कोडं उरलं. धागाकर्त्याचं 'सवंगपणा काढला तर काही उरत नाही' हे म्हणणं तिथे पटतं.

पागोळी

ओसरी, माहिती छान. पण अमेरिकेतही मूळ सिनेमा खर्च भागेल इतका चालला नव्हता आणि डी पामाला सर्वांत वाईट दिग्दर्शकाच्या 'रॅझी'चं नामांकन मिळालं होतं. तेव्हा न चालणं हा काही सभ्यतेचा दोष नाही.

आता माझा खरा मुद्दा. हा सिनेमा जिवंत कधी होतो? मेलनी ग्रिफिथ हॉली होऊन आली की. जेक निर्माता असल्याचं सोंग घेऊन हॉलीला भेटतो, आणि ती त्याला आपण काय करतो आणि काय अजिबात करत नाही याची यादी ऐकवते. कामावर आलेल्या माणसाच्या आवाजात. लाज नाही, लाडिकपणा नाही, अटी आहेत. त्या एका यादीत हॉली जेवढी कळते तेवढी ग्लोरिया अख्ख्या पूर्वार्धात कळत नाही. नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सने ग्रिफिथला सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला, तो रास्तच होता. मग बाई बोलायला लागल्यावर सिनेमा इतका सुधारतो हे ज्याला दिसलं असणार, त्याने पहिलीला मुकी का ठेवलं?

आणि ही मेलनी कोणाची मुलगी, तर हिचकॉकच्या 'द बर्ड्स' (१९६३) आणि 'मार्नी'ची (१९६४) नायिका टिपी हेड्रन हिची. हिचकॉकने छळ केल्याचा आरोप हेड्रनने पुढे जाहीरपणे केला. हिचकॉकला मानवंदना देणाऱ्या सिनेमात तिच्या मुलीने हे काम करावं, हे मला बघताना बोचतं.

तिसरी_घंटा

ग्लोरिया मुकी आहे, कारण जेकने तिला मुकी करून ठेवलंय. त्याला ती बाई नकोच आहे, खिडकीतली हवी आहे. म्हणून हॉली बोलते तेव्हा तो गडबडतो.

तुम्ही शेवटचा प्रसंग सोडलात. जेक पुन्हा रक्तपिपासूच्या कामावर, शॉवरखाली नटीच्या मानेशी. दिग्दर्शक थांबवतो, नटीला बाजूला करून तिच्या जागी शरीरापुरती दुसरी मुलगी आणतो, आणि ती येता येता जेकला सांगते, जपून, पाळी आलीय, छाती दुखतेय. 'ड्रेस्ड टू किल'मध्ये अँजी डिकिन्सनसाठी त्याने स्वतः अशीच बदली मुलगी वापरली होती. चार वर्षांनी त्याने अशा मुलीच्या तोंडी वाक्य दिलं. ही जादू कशी करतात हे दाखवून मग तीच जादू करणं, असं धाडस त्या दशकात दुसऱ्या कुणी केल्याचं मला आठवत नाही.

पागोळी

तो प्रसंग मलाही आवडतो, मुद्दाम सोडला नव्हता. ते वाक्य सिनेमातलं सर्वांत खरं वाक्य आहे. पण त्यानंतर श्रेयनामावली सुरू होते, आणि ती संपेपर्यंत पडद्यावर काय आहे? त्या मुलीचा चेहरा नाही. मानेखालचं शरीर, त्यावरून ओघळणारं खोटं रक्त, आणि त्यावर सगळ्यांची नावं. दुखतंय असं तिने सांगितलं, डी पामाने ऐकलं, आणि कॅमेरा तिथेच ठेवला. तुम्ही याला धाडस म्हणता. मी पुन्हा पाहीन तेव्हाही तिथेच अडणार आहे.