मदत हवी आहे: नेटवर्क स्विचचा पंखा बदलून आवाज कमी करायचा आहे

मंडळी, एका ऑफिसातून निघालेला २४ पोर्टचा पीओई स्विच (नेटवर्कच्या वायरीतूनच कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांना वीजही देणारा) स्वस्तात मिळाला म्हणून घरी आणला. चालतो झकास, पण आवाज सहन होत नाही. टीव्हीखालच्या कपाटात ठेवलाय, दार लावलं तरी बेडरूमपर्यंत एकसुरी शिट्टी येते. आई रोज विचारते, मिक्सर कुणी चालू ठेवलाय?

झाकण उघडून पाहिलं. मागे दोन पंखे, ४० बाय ४० बाय २० मिमी, १२ व्होल्ट, ०.१८ अँपियर. वायरी तीन: काळी, लाल, पिवळी. वेग कमीजास्त होत नाही, कायम फुल्ल. पीओईवर चार कॅमेरे आणि दोन ॲक्सेस पॉइंट (वायफायचे डबे), मिळून ३५ वॉटच्या आसपास. क्षमता १९० वॉटची. वेब इंटरफेसवर तापमान ४६ अंश दिसतं.

नॉक्टुआ कंपनीचा ४० बाय २० एफएलएक्स हा शांत पंखा घ्यायचं मनात आहे. मिनिटाला ५००० फेरे, १४.९ डेसिबल, ताशी ९.४ घनमीटर हवा. पण तो खातो फक्त ०.०५ अँपियर, म्हणजे जोर कमीच असणार. पुण्याचा एप्रिल-मे त्यावर निभेल का? दुसरं, पिवळ्या वायरीवरून बोर्ड नक्की काय बघतो? आणि नवा पंखा घेण्याऐवजी जुन्यालाच वेग उतरवायला रेझिस्टर लावला तर? सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे.

प्रतिसाद, वायरवाला:
रेझिस्टरचा नाद सोडा. पंखा सुरू व्हायला फिरत राहण्यापेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. जुना, धूळ खाल्लेला पंखा एखाद्या दिवशी वीज गेल्यावर परत सुरूच होणार नाही. आणि बेअरिंग झिजलं असेल तर ती घरघर वेग उतरवूनही पूर्ण जात नाही.

पिवळ्या वायरीचे दोन प्रकार असतात. एकात दर फेऱ्याला दोन पल्स येतात, त्यावरून बोर्ड वेग मोजतो. दुसऱ्यात वेग कळतच नाही, फक्त ‘फिरतोय की अडकलाय’ एवढंच. पंखा फिरत असताना पिवळी आणि काळी यांच्यात डीसी व्होल्टेज मोजा. दीड-दोन व्होल्टसारखा मधलाच आकडा आला तर पल्सवाला. जवळपास शून्य आला तर बहुतेक दुसरा प्रकार, आणि तिथे नॉक्टुआ लावलात तर बोर्ड पंखा अडकला असंच समजेल. पिवळी पिन काळीला जोडून काही जण बोर्डाला गप्प करतात, पण मग पंखा खरंच मेला तरी पत्ता लागत नाही. मी तरी करणार नाही.

प्लगमधला वायरींचा क्रमही आधी तपासा. काही स्विचमध्ये तो नेहमीच्या काळी-लाल-पिवळीपेक्षा वेगळा असतो. बोर्डावर लाल कुठे, काळी कुठे ते मीटरने बघूनच नवा पंखा लावा.

प्रतिसाद, उष्माघात:
अहो, आधी जीव सांभाळा! पॉवर सप्लाय त्याच डब्यात उघडा असेल तर २३० व्होल्ट डीसी झाल्यावर मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणारा भाग) सव्वातीनशे व्होल्टपर्यंत असतात. प्लग काढल्यावरही थोडा वेळ राहतात. पंख्याचे प्लग बदलताना वायर काढून थांबा. चालू असताना मोजायचं तर एक हात खिशात, आणि प्रोब सप्लायच्या आसपास नेऊच नका.

आता उष्णतेचं. वेग अर्धा केला की हवा अर्धी होते, दाब मात्र चौथाईवर येतो. बदल्यात आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, म्हणून हा सौदा लोकांना आवडतो. तुमचा पीओई भार क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याहून कमी आहे, तेव्हा चालायला हरकत नाही. उद्या सगळे पोर्ट भरलेत तर हेच उत्तर लागू नाही. सर्किटपेक्षा सप्लायमधल्या कपॅसिटरची काळजी करा: दर १० अंश वाढीला त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. ते बंद कपाट मला जास्त खटकतंय. आणि १० मिमी जाडीचा पंखा स्वस्त दिसला तरी घेऊ नका, त्याला अशा कोंदट डब्यातून हवा ढकलता येत नाही.

प्रतिसाद, आळशी:
सहा उपकरणांसाठी २४ पोर्टचा पीओई स्विच कशाला? आठ पोर्टचा बिनपंख्याचा पीओई घ्या, बाकी खोल्यांना बिनपंख्याचा साधा गिगाबिट स्विच. शून्य आवाज, वीजही कमी. पंख्यांचे पैसे आणि रविवार दोन्ही वाचतील.

धागाकर्ता:
आळशीराव, मुद्दा बिनतोड आहे, पण व्हीलॅनचं (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं पाडण्याचं) सगळं सेटिंग या स्विचवर बसलंय आणि खटपट करायची हौसही आहे.

मोजलं. पिवळीवर १.६ व्होल्ट, म्हणजे पल्सवाला. क्रम खरंच वेगळा निघाला, लाल आणि काळी यांची अदलाबदल होती. जुन्या पंख्यांचे प्लग वायरीसकट कापून नव्यांना रंगाला रंग जोडून सोल्डर केले, वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली. हवेचा बाण जुन्यासारखाच बाहेरच्या दिशेने ठेवला. दिवा हिरवा आहे, वेग ५००० च्या जवळ दिसतो, तक्रार नाही. तापमान ५४ वर स्थिरावलं. टीव्ही बंद असताना आता कपाटाशी कान नेला तरच कळतं.

प्रतिसाद, उष्माघात:
खोलीत किती अंश होते त्या वेळी?

धागाकर्ता:
२७. म्हणजे मे महिन्यात साठी ओलांडणार. मॅन्युअलमध्ये सभोवतालच्या हवेची मर्यादा ४५ अंश लिहिलीय, त्यामुळे कपाटाच्या मागच्या फळीला मोठं भोक पाडतोय. होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) शेजाऱ्यांकडे आहे.

जुने दोन्ही पंखे चालू स्थितीत आहेत, प्लग नाहीत. कुणाला हवे असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तपकीर गल्लीच्या आसपास आणून देईन.