गावात दारूची घरपोच विक्री : कायदा खरोखर बदलला आहे काय?

प्रश्न : वर्धाकाठ (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे 1974 पासून दारूबंदी आहे. आमच्याकडे देशी दारूची एक परवानाधारक भट्टी, म्हणजे दुकान, आहे. तिच्याविषयीच्या तक्रारी जुन्याच आहेत, परंतु हल्ली गावातील दोन-तीन पोरे फोनवर मागणी घेऊन पव्वे घरपोच देऊ लागली आहेत. शाळेच्या दप्तरात वर्तमानपत्रात गुंडाळून पव्वे भरतात, म्हणजे गाडी खड्ड्यात आदळली तरी काच वाजत नाही. कापूसवेचणीचा चुकारा झाला की त्याच संध्याकाळी छापील किमतीवर वीस-तीस रुपये चढवून ही फेरी निघते. हटकले तर "सरकारनेच घरपोच दारूला परवानगी दिली आहे" असे उत्तर मिळते. हे खरे आहे काय? आणि महिलांनी भट्टीच बंद करायचे ठरवले, तर ग्रामसभेचा ठराव पुरेसा होतो काय?

उत्तर 1 : निवृत्त ग्रामसेवक (आर्णी)

ताई, त्या पोरांनी अर्धवट ऐकलेली गोष्ट सोयीने वापरली आहे. टाळेबंदीत दुकानांपुढे रांगा लागल्या, तेव्हा मे 2020 मध्ये राज्य शासनाने महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खालील अधिकार वापरून घरपोच मद्यविक्रीला मुभा दिली होती. ती साथीच्या काळापुरती होती, विदेशी मद्य, बिअर आणि वाईनच्या परवानाधारक दुकानांसाठी होती, आणि मद्य मागवणाऱ्याकडेही सेवनाचा परवाना असणे बंधनकारक होते. देशीचे पव्वे दप्तरातून वाटणाऱ्या, स्वतःचा कसलाही परवाना नसलेल्या पोराला त्या आदेशाचा आधार तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. ही सरळसरळ अवैध विक्री असून तिच्यावर कलम 65 खाली गुन्हा नोंदवता येतो. शिवाय देशी दारूसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे. दारात आलेला पोरगा ती कधी विचारतो, हे आपण सर्व जाणतोच.

भट्टी बंद करण्याचा मार्ग मात्र वेगळा आहे. त्यासाठी राज्य शासनाचा 2008 चा आदेश लागू होतो. गावातील किमान 25 टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तेवढ्यांनी, सह्यांचे निवेदन दिले की सह्यांची पडताळणी होते आणि त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे बंद. ग्रामसभेच्या ठरावाने वातावरण तयार होते, परंतु एरवी केवळ ठरावाने परवाना रद्द होत नाही.

बहुतेक गावे एका अटीवर अडतात. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक मते मिळून भागत नाही, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते मिळावी लागतात. यादीत 800 महिला असतील, तर 200 सह्यांवर मतदान लागेल, परंतु दुकान बंद होण्यासाठी 401 मते हवीत. मतदानाला 500 जणी आल्या आणि 390 जणींनी आडवी बाटली निवडली, तरी दुकान चालूच राहील. घरी बसलेल्या बाईचे मत आपोआप दुकानदाराच्या पदरात पडते. ही अट मला स्वतःला अन्यायकारक वाटते; सरपंचाच्या निवडणुकीलाही आपण अशी अट लावत नाही.

उत्तर 2 : धानाचा बांध (मूल, जि. चंद्रपूर)

आमच्या जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी होती आणि मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. त्या सहा वर्षांत घरपोच दारू हाच आमच्याकडचा मुख्य धंदा झाला होता, त्यामुळे भट्टी बंद झाली की पोरांच्या फेऱ्याही थांबतील, असे कृपया गृहीत धरू नका. शेजारच्या गावची भट्टी पाच किलोमीटरवर असेल, तर माल तिथून येईल. तरीही दुकान बंद करू नये असे मी म्हणणार नाही. गावाच्या मधोमध, येता-जाता दिसणारे दुकान नसले की नव्याने पिऊ लागणाऱ्यांवर थोडा तरी वचक राहतो. मात्र पोरांविरुद्धची तक्रार मतदानाची वाट न पाहता आजच करावी.

उत्तर 3 : काउंटरमागून (वणी)

मी एका परवानाधारक दुकानात हिशेब पाहतो, तेव्हा दुसरी बाजूही सांगतो. जून 2025 मधील करवाढीनंतर देशीच्या 180 मिलीच्या बाटलीची किमान किंमत 80 रुपये आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याची 205 रुपये ठरली. दोहोंमधली दरी एवढी मोठी आहे की मजूर गिऱ्हाईक देशीकडेच वळते आणि त्याहून खाली गेले तर हातभट्टीकडे. पोरांकडचा माल आभाळातून पडत नाही; कोणते तरी दुकान त्यांना पेट्याच्या पेट्या देते. प्रत्येक बाटलीच्या लेबलवर बॅच क्रमांक असतो. धाड पडली, तर तो पंचनाम्यात नोंदवून घेण्याचा आग्रह धरा, कारण त्यावरून माल कोणत्या दुकानाला गेला याचा माग काढता येतो. नुसता पोरगा पकडला, तर तो जामिनावर सुटून पुन्हा फेरीवर निघतो. दुकानाचा परवाना अडचणीत आला की पुरवठाच आटतो.

उत्तर 4 : मोहफूल (धानोरा, जि. गडचिरोली)

एक मुद्दा राहून गेला. राळेगाव तालुक्यातील काही गावे अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या, क्षेत्रात मोडतात. आपले गाव त्या यादीत असेल, तर अशा क्षेत्रातील ग्रामसभांना जादा अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आणि राज्याचे 2014 चे नियम लागू होतात, आणि मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळतो. मग तुमच्या ठरावाचे वजन पूर्णपणे वेगळे ठरते. तहसील कार्यालयातून हे आधी तपासून घ्या.

वर्धाकाठ

सर्वांचे आभार. अनुसूचित गावांची यादी सोमवारी पाहते. मतदार यादी चाळली, तर लग्न होऊन सासरी गेलेल्या कितीतरी मुलींची आणि काही मृत महिलांचीही नावे तशीच आहेत. दुकान बंद होण्यासाठी लागणाऱ्या मतांचा आकडा त्यांच्यामुळेच फुगतो, असे दिसते.

निवृत्त ग्रामसेवक

अगदी बरोबर. नावे वगळण्यासाठी नमुना 7 भरून मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे द्यावा. मृतांच्या बाबतीत मृत्यूचा दाखला जोडला की काम लवकर होते. सासरी गेलेल्या मुलींनी नमुना 8 भरून नाव तिकडे हलवून घेतले, तर उत्तम. यादी स्वच्छ झाल्याशिवाय सह्यांचे निवेदन देऊ नका.