'ही सिस्टर नको' म्हणणाऱ्या पेशंटचं ऐकायचं का?

दादरचा_बंड्या
2012 मध्ये अमेरिकेत, मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात एका नवजात बाळाच्या बापानं फर्मावलं: कृष्णवर्णीय नर्सनं माझ्या बाळाला हात लावायचा नाही. नर्सच्या तक्रारीनुसार हॉस्पिटलनं तशी चिठ्ठीच फाईलवर लावली. तिची तिथे 25 वर्षं नोकरी झालेली. तिनं कोर्ट गाठलं, हॉस्पिटलनं पैसे देऊन मिटवलं. त्याआधी 2010 मध्ये इंडियानातल्या एका नर्सिंग होमच्या खटल्यात अपील कोर्टानं 'पेशंटचीच तशी इच्छा होती' ही सबब उडवून लावली होती.

आता आपलं बघा. गेल्या महिन्यात आई परळला ॲडमिट होती. शेजारच्या बेडवरच्या काकू म्हणतात, "ती मद्रासीण नको हो, काळीकुट्ट, रात्री दचकायला होतं." सिस्टर कोट्टायमची. तिघांना न सापडलेली आईची शीर तिनं एका फटक्यात धरली होती. माझं मत: अजिबात ऐकू नये.

मुलुंडकर_७१
बोलणं सोपं आहे. माझे वडील ८२ वर्षांचे, स्मृतिभ्रंश. अनोळखी चेहरा दिसला की हात उगारायचे. मराठी बोलणारी सिस्टर आली की शांत. मी मागून घेतली. मी वर्णद्वेष्टा का? आजारी माणसाला सुधारायला हॉस्पिटल नसतं.

अनघा_गोरेगाव
भाषा मागणं वेगळं, कातडी मागणं वेगळं. कॅथेटर घालायला बाईच हवी म्हणणंही वेगळं. ते मी स्वतः म्हटलंय, त्यात कुणाला हिणवणं नव्हतं.

पार्ल्याचा_टिळा
मग परळच्या के.ई.एम. हॉस्पिटलचं काय? 1926 ला सुरू झालं तेव्हा त्याला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या देणगीदारांची अटच होती की शिकवणारे सगळे भारतीय हवेत. तेव्हा वंश बघितलेला चालला?

दादरचा_बंड्या
अरे, सरकारी कॉलेजात मोठ्या जागा गोऱ्यांनी अडवल्या होत्या म्हणून ती अट! बंद दार उघडायला. काकू उघडं दार बंद करतायत. (मुद्दा मात्र भारी काढलास.)

नाईट_ड्युटी
मी सिस्टर आहे, १४ वर्षं. गोऱ्या-काळ्याचं राहू दे. इथे आधी नाव विचारतात, मग "पूर्ण नाव?" आडनाव ऐकल्यावर काही चेहऱ्यांवर काय होतं ते आम्हाला पाठ आहे. एका आजींना मी दिलेलं इंजेक्शन चालायचं, मी भरलेला पाण्याचा ग्लास चालायचा नाही. मावशींना हाक मारायच्या. रात्री तीस पेशंटला आम्ही दोघी. एकीला 'नको' म्हटलं की तिचे बेड दुसरीवर पडतात, हे कुणी मोजत नाही.

मुलुंडकर, तुमच्या बाबांसाठी मी स्वतः बेड बदलून घेतला असता. ते घाबरले होते. आजी घाबरल्या नव्हत्या.

मुलुंडकर_७१
मान्य. पण हा फरक रात्री दोन वाजता ठरवायचा कुणी? इन्चार्जनं? तिला तर भांडण नकोच असतं.

नाईट_ड्युटी
नकोच असतं. त्या रात्री तिनं माझा बेड बदलला, मला म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस गं." रजिस्टरमध्ये कारण लिहिलं: 'कामाच्या सोयीसाठी'. खाली सही माझीच घेतली.