सॉफ्ट हॅकलसाठी कोंबडीची पिसं: मानेची घ्यावीत की पाठीची?

व्हार्फकाठी
नमस्कार मंडळी. मी लीड्सला राहतो. सुट्टी मिळाली की व्हार्फ नदीवर ब्राऊन ट्राउट आणि ग्रेलिंगच्या मागे असतो. फ्लाय, म्हणजे हूकवर बांधलेले नकली किडे, घरीच बांधतो, त्याही बहुतेक यॉर्कशायरच्या जुन्या स्पायडर: पार्ट्रिज अँड ऑरेंज, स्नाइप अँड पर्पल, वॉटरहेन ब्लोआ. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: हूकवर रेशमाचा बारीक दोरा गुंडाळायचा आणि तोंडाशी मऊ पिसाचे दोन वेढे द्यायचे, एवढंच. हे वेढे म्हणजेच सॉफ्ट हॅकल. पाण्यात पिसाचे तंतू हलतात आणि माशाला किडा जिवंत वाटतो.

अडचण अशी की पार्ट्रिज पक्ष्याच्या कातड्यावर १६ नंबरच्या हूकला (नंबर जितका मोठा तितका हूक बारीक) शोभतील अशी बारीक पिसं मोजकीच निघतात. ती संपली की बाकीचं कातडं पडून राहतं. म्हणून कोंबडीकडे वळायचा विचार आहे. मानेचं कातडं घेऊ की पाठीचं? रंग कुठले आधी? आणि मे महिन्यात चिपळूणला जाणार आहे, आत्याकडे गावरान कोंबड्या आहेत, तिकडून पिसं आणली तर? बजेट बेताचंच आहे.

लीहायकर
मानेचं घ्या.

मानेच्या कातड्यावर, म्हणजे केपवर, डोक्याकडची पिसं अगदी इवलीशी असतात आणि खांद्याकडे येताना मोठी होत जातात. एका केपमध्ये १८ पासून १० नंबरपर्यंतचे हूक सहज निघतात. तुमची अडचण १६ ची आहे, तेव्हा प्रश्नच मिटला. पाठीची पिसं रुंद, गोल टोकाची आणि लांब तंतूंची. १०-१२ च्या हूकला सुरेख, त्याहून बारीक हूकला गेलात की फ्लायपेक्षा पीसच मोठं.

पण मान की पाठ यापेक्षा हातात आलेलं कातडं कसं आहे हे महत्त्वाचं. लोक रंग बघून भुलतात. मी आधी दांडा बघतो. पीस बोटाभोवती गुंडाळा. दांडा निमूट वळला पाहिजे. जाड दांडा कोपरा करून वळतो आणि हूकवर तिरका बसतो, मग तंतू भलतीकडेच तोंड करतात. दुसरं, तंतू दांड्याला काटकोनात ओढून बघा. ते मऊ आणि एकमेकांना जरा चिकटलेले असावेत, चमक कमी असावी. काचेसारखे चकचकीत, सुटे, ताठ तंतू म्हणजे कोंबड्याचा माल, तो पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायला. आपल्याला पाणी पिणारं पीस हवंय. तिसरं, तंतूंची लांबी: मागे वळवले की हूकच्या बाकापर्यंत पोचावेत, किंचित पुढे गेले तरी चालतात.

डब्लू. सी. स्ट्युअर्ट या स्कॉटिश मासेमार लेखकानं १८५७ साली हेच मांडलं होतं, की पीस इतकं मऊ हवं की पाण्याच्या जराशा हालचालीनं ते हललं पाहिजे. त्याच्या काळी लँडरेल आणि डॉटरेल सर्रास वापरायचे. आज ब्रिटनमध्ये दोन्ही पक्षी संरक्षित आहेत, त्यामुळे त्यांच्या जागी कोंबडीच येते. तपकिरी कोंबडी लँडरेलच्या जागी मला तरी खटकत नाही.

पैशांचं म्हणाल तर अव्वल दर्जाच्या केपच्या मागे लागू नका. ड्राय फ्लायला लांब पीस लागतं कारण वेढे पुष्कळ. आपले वेढे दोनच! दुय्यम दर्जाची केप आपलं काम चोख करते.

तीर्थनवारी
लीहायकर, बाकी सगळं मान्य, पण पाठीला इतकं हिणवू नका हो. मी पुण्याचा, ट्राउटसाठी हिमाचलात तीर्थन नदीवर जातो. बर्फाचं पाणी, जोरदार धार, हूक १२ चा. तिथे मानेचं अतिमऊ पीस धारेत अंगालाच चिकटून बसतं, हलतच नाही. पाठीचं पीस, त्यातही ब्रह्मा कोंबडीचं, जरा उभं राहतं. शिवाय त्यावर पार्ट्रिजसारखी बारीक नक्षी असते, त्यामुळे पार्ट्रिज अँड ऑरेंजसुद्धा त्यात होऊन जाते.

मऊच पीस वापरायचं असेल तर हॅकलच्या मागे सशाच्या लोकरीचा छोटा गोळा बांधा. तंतू त्याला टेकून बाहेर राहतात. व्हार्फच्या संथ डोहांत याची गरज नाही, पण भरलेल्या पाण्यात करून बघाच.

परसदार
मी संगमेश्वरचा, घरी कोंबड्या आहेत, मासे मात्र आम्ही जाळ्यानं धरतो. 😄 तरी गावरानबद्दल सांगतो. अंगणात गळालेली पिसं वेचू नका, टोकं झिजलेली असतात. वर्ष उलटलेल्या कोंबडीची मान घ्या, तीही उकळत्या पाण्यात बुडवायच्या आधी. आत्याला तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर पिसं चुलीत जातील. कातड्याची चरबी खरवडून काढा आणि मीठ लावून सावलीत वाळवा. ब्रॉयलरच्या वाटेला जाऊ नका. पाच-सहा आठवड्यांचं पोर ते, पिसं अर्धी वाढलेली.

सह्यकडा
चिपळूणचा विषय निघालाच आहे म्हणून. रानकोंबड्याची किंवा तित्तराची पिसं कुणी कौतुकानं हातात ठेवली तरी घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मेलेल्या पक्ष्याचं पीससुद्धा येतं. रानकोंबड्याच्या मानेवरची ती मेणासारखी पिवळट टिकली सॅमन फ्लायवाल्यांना फार प्रिय, म्हणूनच सांगतोय.

लीहायकर
आणि घरगुती कातडं असलं तरी सामानात टाकून ब्रिटनमध्ये नेऊ नका. बर्ड फ्लूमुळे प्रक्रिया न केलेल्या पिसांवर निर्बंध असतात. आत्याकडे बसून भरपूर फ्लाय बांधायच्या असतील तर गोष्ट वेगळी, तरी त्या नेण्याआधी तिकडच्या कस्टम्सचे नियम बघाच.

व्हार्फकाठी
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. म्हणजे गावरानचा बेत रद्द, इथेच एक केप घेतो. रंग राहिला हो.

लीहायकर
एकच घ्यायची तर राखाडी, डन रंगाची. वॉटरहेन ब्लोआ आणि त्या घराण्यातल्या सगळ्या फिकट फ्लाय त्यात निघतात. चांगला नैसर्गिक डन क्वचित मिळतो, म्हणून रंगवलेली चालेल. फक्त दांडा मोडून बघा, रंगवताना काही वेळा तो ठिसूळ होतो. दुसरी घ्याल तेव्हा फर्नेस: कडा तांबूस, मधोमध काळा पट्टा. १८५४ साली ट्वीडकाठी बांधलेल्या ग्रीनवेल्स ग्लोरी या फ्लायचं हॅकल त्याच छटेचं. काळ्याची घाई करू नका, तुमच्याकडे स्टार्लिंग पक्ष्याचं पीस मिळतं आणि स्ट्युअर्टच्या ब्लॅक स्पायडरला तेच लागतं.

तीर्थनवारी
डन बरोबर. पण मी पहिली केप नक्षीदार तपकिरीच घेतली असती, यावर आमचं जमणार नाही.

परसदार
कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकता का?

लीहायकर
नाही, पिसांना वास लागतो. नवीन कातडं आलं की घट्ट पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये, मग चार दिवस बाहेर, मग परत आत. अंड्यांतून निघालेल्या अळ्या दुसऱ्या फेरीत मरतात. मगच बाकीच्या पिसांबरोबर ठेवायचं. पिशवीवर नाव लिहा, आमच्या घरी एकदा ती चिकनच्या कप्प्यात सापडली होती.