हाताखाली काम करताना नकळत काय उचलले? नेतृत्वाविषयीचे अनुभव

दूरदृष्टी, निर्णयक्षमता, संवादकौशल्य ही नेतृत्वगुणांची यादी प्रशिक्षणवर्गांत आपण सर्वांनीच ऐकलेली आहे, त्यामुळे ती येथे पुन्हा नको. विचारणा एवढीच आहे की, ज्यांच्या हाताखाली आपण काम केले त्यांची कोणती सवय आपल्या अंगवळणी पडली आणि ती त्यांनी शिकवली होती की नुसती पाहून लागली. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडत आणि कीर्तन रात्री करीत. कीर्तनाला बसलेल्या लोकांनी त्यांना दिवसभर झाडताना पाहिलेले असल्यामुळे स्वच्छतेविषयी जे सांगायचे ते निम्मे आधीच सांगून झालेले असे. तुमच्या पाहण्यात असा क्रम पाळणारे, किंवा नेमका उलटा पाळणारे, कोणी आले असेल तर लिहावे. थोरांचे दाखले चालतील, पण ज्यांना जवळून पाहिले त्यांच्याविषयी अधिक यावे. अशा व्यक्तींची व कार्यालयांची नावे मात्र टाळावीत.

*वीज वितरणातून निवृत्त, नांदेड जिल्हा*

मी मदतनीस म्हणून लागलो तेव्हा आमच्या फोरमनसाहेबांचे शिक्षण बेताचे होते आणि बोलणे त्याहून कमी. अकरा केव्हीच्या (अकरा हजार व्होल्टच्या) लाइनवर काम निघाले की उपकेंद्रातून कामाची परवानगी म्हणजे परमिट घ्यायचे, पुरवठा तोडणारा एबी स्विच उघडायचा, तारांत उरलेली वीज जमिनीत सोडून लाइन डिस्चार्ज करायची, कामाच्या दोन्ही बाजूंना तारा जमिनीला जोडून अर्थिंग करायचे आणि मगच खांबावर चढायचे, हा नियम सर्वांना पाठ असतो. प्रत्यक्षात पाऊस पडत असतो, गाव अंधारात असते, सरपंचांचे फोन येत असतात, आणि परमिट मिळालेच आहे तर अर्थिंगमध्ये कशाला वेळ घालवायचा असा विचार चांगल्या जाणत्या माणसाच्याही मनात येतो. परमिट असले तरी कोणाच्या तरी जनरेटरमधून उलटा पुरवठा येऊ शकतो, हे माहीत असूनही येतो.

फोरमनसाहेबांनी या विषयावर भाषण दिल्याचे मला आठवत नाही. ते हातमोजे चढवत, डिस्चार्ज रॉडची वायर आधी जमिनीतल्या खुंटीला घट्ट आवळत, ती ओढून पाहत आणि मग रॉड एकेका तारेला लावत. हे काम त्यांच्या हुद्द्याचे नव्हते, ते आम्हा पोरांचे होते. एकदा वरिष्ठ अभियंता स्वतः जागेवर येऊन घाई करू लागले, तेव्हा साहेबांनी त्यांना नम्रपणे बाजूला उभे राहण्यास सांगितले, खुंटी पुन्हा ओढून पाहिली आणि आपल्या नेहमीच्याच गतीने काम केले. वरिष्ठांपुढे आमच्यासाठी उभा राहणारा माणूस आम्ही त्या दिवशी पाहिला. पुढे मी स्वतः गँग सांभाळू लागलो तेव्हा माझ्या पोरांनी मला विचारले की, खुंटी दोनदा का ओढता. तोवर मी ती दोनदा ओढतो हे माझ्याही लक्षात आले नव्हते.

*माध्यमिक शिक्षिका, सातारा*

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. वसतिगृह चालवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले, ही हकिगत आमच्या भागात घरोघर सांगितली जाते. माझे आजोबा अशाच एका वसतिगृहात शिकले. तिथे स्वयंपाकापासून शेतापर्यंत सगळी कामे मुलेच करीत, आणि आजोबांनी म्हातारपणीही आपले ताट कोणाला उचलू दिले नाही. पाहुणे आले की आजीला याचा संकोच वाटे.

माझ्या नोकरीतले उदाहरण साधे आहे. आमच्या शाळेत ‘अ’ तुकडी मिळावी म्हणून दरवर्षी जूनमध्ये शिक्षकांची रस्सीखेच चाले. नवे मुख्याध्यापक आले आणि वेळापत्रक करताना त्यांनी दहावीच्या सर्वांत मागे पडलेल्या तुकडीचे गणित स्वतःच्या नावावर लिहून टाकले. त्याविषयी सभेत ते एक शब्दही बोलले नाहीत. पुढच्या जूनमध्ये ‘अ’ तुकडी मागायला कोणाची जीभ रेटली नाही.

*संगणक अभियंता, पुणे*

वरील दोन्ही अनुभव वाचून आनंद झाला, पण दुसरी बाजूही नोंदवावीशी वाटते. अनुकरण फक्त सद्गुणांचेच होते असे नाही.

आमचे विभागप्रमुख हुशार, प्रामाणिक आणि अपार कष्टाळू होते. ते रात्री उशिरापर्यंत बसत आणि रजा घेत नसत. ‘तुम्ही घरी जा’ असे ते मनापासून म्हणत, पण ते स्वतः खुर्चीत असताना कोणी उठत नसे. हळूहळू काम नसतानाही बसून राहण्याची रीत पडली आणि मूल आजारी असल्याचे सांगतानाही लोक अपराध्यासारखे बोलू लागले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी जे पुढे प्रमुख झाले, त्यांनी त्यांची हुशारी उचलली असे म्हणता येणार नाही, उशिरा बसणे मात्र सर्वांनी उचलले.

त्यांच्यानंतर आलेले साहेब नव्या मुलांना दरवेळी सतीश धवन यांची गोष्ट सांगत. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या उपग्रह प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण फसले तेव्हा इस्रोचे अध्यक्ष धवन पत्रकारांना स्वतः सामोरे गेले, आणि १८ जुलै १९८० रोजी यश मिळाले तेव्हा त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांना पुढे केले. कलामांनी ही आठवण अनेकदा सांगितली आहे. आमचे साहेब ती फार रंगवून सांगत. ग्राहकाची तक्रार आली की मात्र बैठकीत सर्वांत कनिष्ठ मुलाला उत्तर द्यायला उभे करीत. दोन-तीन बैठकांनंतर ती गोष्ट सुरू झाली की मुले एकमेकांकडे पाहून हसत. मला वाटते, गोष्ट न सांगणारा साहेब बरा.

*परिचारिका, मुंबई*

थोडक्यात लिहिते. वॉर्डात हात धुण्याच्या सूचनांचे फलक सर्वत्र असतात आणि ते कोणी वाचत नाही. आमच्या एक शल्यचिकित्सक बाई राउंडच्या वेळी प्रत्येक खाटेपाशी थांबून हातांना सॅनिटायझर चोळत आणि ते पूर्ण वाळेपर्यंत रुग्णाशी गप्पा मारत. मागे उभे असलेले सगळे शिकाऊ डॉक्टर तेवढा वेळ नुसते उभे राहण्यापेक्षा आपलेही हात चोळू लागले. दुसऱ्या युनिटचा राउंड आला की तीच मुले ते विसरत, हेही खरे.

*शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा*

आमच्याकडे या विषयावर बोलायचे तर हिवरे बाजार टाळून चालत नाही. १९८९ मध्ये पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. पुढे श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेलवर बंदी आणि दरवर्षी उपलब्ध पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडून पिके ठरवणे ही तिथली घडी बसली, हे सर्वांना माहीत आहे. आमचेही गाव बस करून ते पाहून आले. ग्रामसभेत ऊस न लावण्याचा ठराव हात वर करून मंजूर झाला. ठराव मांडणाऱ्या पुढाऱ्यांचा स्वतःचा ऊस मात्र ‘यंदाचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पीक) तेवढा जाऊ द्या’ म्हणून उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी निम्म्या गावाला यंदाचा खोडवा निघाला. माहिती, योजना, अनुदान यांत आम्ही कुठेच कमी नव्हतो.

*बचत गटाच्या सचिव, रत्नागिरी जिल्हा*

आमच्या पहिल्या अध्यक्षांना सही करण्यापुरतेच लिहिता येत असे. गटाचा हप्ता उशिरा भरला तर दहा रुपये दंड होता, पण शेजारीपाजारी दंड मागायचा कसा, म्हणून तो कोणी घेत नसे. एका महिन्यात अध्यक्षांचाच हप्ता चुकला. त्यांनी बैठक सुरू होताच कनवटीची दहाची नोट काढून सतरंजीवर ठेवली आणि मला म्हणाल्या, “बाय, आधी माझं नाव लिही, आणि मोठ्याने वाच.” मी वाचले. त्यानंतर दंड मागण्याची वेळ फारशी आली नाही, कारण उशीर झालेली बाई स्वतःच पैसे काढू लागली. त्याच वह्या दाखवून पुढे आम्हाला बँकेचे कर्ज मिळाले. आता अध्यक्षा बदलल्या आहेत, तरी हप्ते घेण्याची सुरुवात अध्यक्षांपासूनच होते आणि नव्या सदस्यांना तो नियमावलीतलाच नियम वाटतो.