गायब झालेला ‘अ’

मनू: आत्या, जागी आहेस का? मुलाखत झाली. अर्जात मी लिहिलं होतं, ‘आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स’. समोरच्या बाई म्हणाल्या, मग अर्ज कशाला केलात? अगं, मला म्हणायचं होतं की थोडाफार अनुभव आहे!

बंड्या: हाहाहा

आत्या: ‘अ’ खाल्लास तू. ‘अ लिटल’ म्हणजे थोडाफार. नुसतं ‘लिटल’ म्हणजे नसल्यात जमा.

मनू: एवढ्याशा अक्षराने?

आत्या: मग आपण काय वेगळं करतो? ‘थोडी आशा आहे’ आणि ‘आशा थोडीच आहे’ यांत फरक आहेच की. ते ‘अ’ काढून कमी करतात, आपण ‘च’ लावून.

काका: आणि ‘तो थोडाच ऐकणार आहे’ म्हटलं की ऐकणं शून्यच!
‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’चंही हेच बरं का. मोजता येतं तिथे फ्यू, नाही तिथे लिटल. म्हणजे पाणी, वेळ, पैसा.

बंड्या: पैसा मोजता येत नाही?

काका: नोटा मोजतात रे, इंग्रजीतलं ‘मनी’ नाही. माझा तर मोजायच्या आधीच संपतो.

मनू: स्मॉल आणि लिटल एकच ना पण?

आत्या: स्मॉल म्हणजे बहुतेक वेळा नुसतं माप. लिटलला माया चिकटलेली असते, नाहीतर कुत्सितपणा. ‘अ स्मॉल हाउस’ म्हटलं की जागा कमी, एवढंच कळतं. ‘अ नाइस लिटल हाउस’ म्हणजे टुमदार घरकुल. पण तेच ‘युअर लिटल प्लॅन’ म्हणून बघ, लगेच टोमणा. घर छोटं असेल तर ‘द हाउस इज स्मॉल’ म्हणतात, तिथे सहसा लिटल येत नाही.
आणि लिटल ब्रदर म्हणजे धाकटा, उंचीशी संबंध नाही. आपला बंड्या दाराची चौकट डोक्याला लागेल एवढा झाला तरी मनूचा लिटलच.

बंड्या: निषेध

बाबा: आमच्या साहेबांनी एकदा मेलमध्ये लिहिलं, ‘नॉट अ लिटल सरप्राइझ्ड’. मला वाटलं, त्यांना जराही नवल वाटलं नाही. मी निवांत.

आत्या: दादा, उलट आहे ते! चांगलंच नवल वाटलं होतं त्यांना.

बाबा: ते दुसऱ्या दिवशी कळलं.

काका: ‘बिलिटल’ म्हणजे कमी लेखणं, तोही यातलाच. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनच्या १७८०च्या दशकातल्या लिखाणात आहे. तेव्हा इंग्लंडमध्ये या शब्दाची टर उडवली होती, आता सगळे बिनदिक्कत वापरतात.

मनू: ते राहू दे काका, पुढच्या अर्जात काय लिहू? ‘अ लिटल’?

आत्या: नको, तेही मिळमिळीत वाटतं. किती दिवस काम केलंस?

मनू: सहा महिने.

आत्या: मग तेवढंच लिही. सिक्स मंथ्स.

बंड्या: फक्त ‘सहाच महिने’ असं लिहू नकोस.